नव्या ग्राफिक्स कार्डाची कैफियत

संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर पडदा काळाच राहिला, तर घरातील प्रत्येकाचा संशय प्रथम त्या कार्डावरच जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण काल रात्रीपर्यंत जे यंत्र बिनतक्रार चालत होते त्यात आज एकच वस्तू नव्याने आली, तेव्हा बिघाडाचे खापर तिच्याच माथी फोडणे हा अनुमानाचा सर्वांत जवळचा मार्ग वाटतो. तथापि अशा तक्रारींचा शांतपणे तपास केला, तर निकाल बहुधा कार्डाच्या बाजूने लागतो. एखाद्या कचेरीत नवा अंमलदार रुजू झाला आणि त्याने जुनी दफ्तरे मागवून घेतली की, वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेस न आलेले घोळ जसे एकामागून एक उघडकीस येतात, तसेच काहीसे येथे घडते: वीजपुरवठ्याचा अपुरेपणा, कधी न बदललेले बायोस, अर्धवट उपटून राहिलेले ड्रायव्हर, पंख्यांवर साचलेली धूळ, या साऱ्या उणिवा यंत्रात आधीपासूनच असतात, पण हलक्या कामात त्या खपून जातात आणि जड काम मागणारे कार्ड येताच एकदम वर येतात. म्हणून नवे कार्ड चालत नाही असे म्हणण्यापूर्वी, हे कार्ड आपल्या संगणकाकडे काय मागत आहे आणि त्यातले काय त्याला मिळत नाही, असा प्रश्न विचारणे हेच या तपासाचे खरे सूत्र होय.

कार्डाची मागणी समजण्यासाठी त्याचे काम काय ते थोडक्यात पाहिले पाहिजे. संगणकाचा मुख्य प्रोसेसर आकडेमोड करतो, आणि त्या आकडेमोडीचे डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रात रूपांतर करण्याचा भार ग्राफिक्स कार्ड उचलते. आजच्या साध्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू असतात, म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० बिंदू झाले. आणि पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवायचा म्हटले तर दर सेकंदास १२ कोटी ४४ लाखांहून अधिक बिंदूंचा रंग ठरवावा लागतो. नुसते पत्र टंकलिखित करताना यातले बहुतेक बिंदू जागचे हलत नाहीत. पण त्रिमितीय खेळात किंवा चित्रफितीच्या संपादनात त्यांतल्या प्रत्येकाचा प्रकाश, सावली आणि अंतर क्षणोक्षणी नव्याने मोजावे लागते, आणि या अफाट गुणाकार-बेरजांसाठीच कार्डावर स्वतंत्र प्रोसेसर, स्वतंत्र स्मृती आणि स्वतंत्र पंखे असतात.

आरंभी हा व्याप इतका नव्हता. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा गिऱ्हाइकाला दोन प्रकारच्या कार्डांतून निवड करावी लागे: एक केवळ इंग्रजी अक्षरे आणि ठरावीक चिन्हे उमटवी, आणि दुसरे रंगीत चित्रे काढी, पण त्यावरची अक्षरे खरबरीत दिसत. व्हॅन सुवन्नुकुल या अभियंत्याला त्या यंत्रावर आपल्या मातृभाषेत, म्हणजे थाई लिपीत, लेखन करायचे होते. अक्षरांचे ठसे कायम ठरलेल्या कार्डावर ते होणे शक्य नव्हते, म्हणून त्याने ७२० गुणिले ३४८ बिंदू स्वतंत्रपणे रंगवणारे कार्ड घडवले आणि १९८२ मध्ये हर्क्युलिस या नावाने ते विक्रीस आले. लिपीची हीच अडचण आपल्याकडेही होती. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत वाढलेले जिस्ट कार्ड डॉसच्या काळातील संगणकात बसवले की त्या पडद्यावर देवनागरीसह भारतीय लिप्या उमटू लागत. त्या काळी मराठी अक्षर संगणकावर दिसण्यासाठी एक कार्ड विकत घेऊन आत खोचावे लागे, हे आज भ्रमणध्वनीवर सहज मराठी लिहिणाऱ्या पिढीला सांगूनही खरे वाटणार नाही.

ती कार्डे मदरबोर्डावरील स्लॉटमधून मिळेल तेवढ्या विजेवर निर्वाह करीत. पुढे त्रिमितीय खेळांची चढाओढ लागली, १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ हे कार्ड काढून त्यास ‘जीपीयू’ ही संज्ञा लावली, आणि २००० साली आलेल्या व्हूडू ५ या कार्डाला स्लॉटची वीज पुरेना, म्हणून त्यासाठी एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागातून, निराळी वायर ओढावी लागली. तेथून मागणी चढतच गेली. आज जीटी १०३० सारखे लहान कार्ड सुमारे ३० वॅटवर भागवते, आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात, आणि २०२२ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०९० ची निर्धारित मागणीच ४५० वॅट आहे. ज्या यंत्राची बांधणी पहिल्या प्रकारच्या कार्डाच्या हिशेबाने झाली, त्यात दुसऱ्या वा तिसऱ्या प्रकारचे कार्ड बसवणाऱ्याने विजेचा हिशेब नव्याने मांडला नाही, तर जे घडते ते अकस्मात म्हणता येत नाही.

आता प्रत्यक्ष तपासाकडे वळू. त्यातील पहिली पायरी इतकी साधी आहे की ती सुचवलेली पुष्कळांना अपमानास्पद वाटते; तरीही ती प्रथम सांगणे भाग आहे, कारण काळ्या पडद्याचे हे अत्यंत सामान्य कारण आहे. कॅबिनेटच्या मागील बाजूस वरच्या अंगाला यूएसबी, ध्वनी आणि इंटरनेटच्या खोबणींजवळ एचडीएमआयची एक उभी खोबण असते, ती मदरबोर्डाची. तिच्या बरेच खाली, आडव्या पट्टीवर, ओळीने तीन-चार खोबणी असतात. त्या नव्या कार्डाच्या. जुन्या सवयीने मॉनिटरची केबल वरच्या खोबणीत तशीच राहिली, तर नवे कार्ड आपले काम चोख बजावत असूनही चित्र दुसऱ्याच दारातून बाहेर पडत असते, आणि आपण बंद दारापाशी वाट पाहत बसतो. बहुतेक मदरबोर्ड नवे कार्ड दिसताच प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स आपण होऊन बंद करतात, म्हणून वरच्या खोबणीतून काल येणारे चित्रही आज येत नाही. शिवाय इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाअखेर ‘एफ’ असते त्यांत अंगभूत ग्राफिक्स मुळातच नसल्याने वरची खोबण केवळ शोभेची ठरते. केबल खालच्या खोबणीत लावावी, मॉनिटरच्या बटणांनी योग्य इनपुट निवडले आहे ना याची खातरजमा करावी, आणि शक्य असल्यास दुसरी केबल लावून पाहावी. हे सर्व कॅबिनेट न उघडता होते.

तेवढ्याने भागले नाही तर कॅबिनेट उघडावे लागते, आणि येथे सावधगिरीचे दोन शब्द आवश्यक आहेत. भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढावा, नंतर संगणकाचे चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. आणि कार्डाला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे आपल्या अंगावरील स्थितिक विद्युत नाजूक भागांत न उतरता तेथेच विसर्जित होते. मग पाहावे ते कार्ड स्लॉटमध्ये पुरते बसले आहे की नाही. लांब स्लॉटच्या एका टोकाला लहान खटका असतो. कार्ड समतोल दाबून बसवले की तो ‘कट्’ असा आवाज करून वर येतो व कार्डाला धरून ठेवतो. तो खटका आडवाच राहिला असेल, किंवा मागची पट्टी कॅबिनेटच्या पत्र्यावर टेकल्यामुळे कार्डाचे एक टोक केसभर उचललेले असेल, तर सोनेरी संपर्कपट्ट्यांपैकी काही जुळतात व काही जुळत नाहीत, आणि मग कार्डाचे पंखे फिरतात, दिवे लागतात, परंतु चित्र येत नाही. आजची जड कार्डे स्वतःच्या वजनानेही पुढच्या टोकाला खाली झुकतात. म्हणून मागच्या पट्टीचे स्क्रू घट्ट करणे हा केवळ उपचार समजू नये.

आपल्याकडील दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, वापरलेले कार्ड एखादा पावसाळा कपाटात राहिले की त्याच्या संपर्कपट्ट्यांवर मळाचा आणि गंजाचा पातळ थर चढतो. दुरुस्ती करणारा कारागीर अशा वेळी खिशातून पेन्सिलीचा साधा खोडरबर काढतो, त्या सोनेरी दातांवर एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवतो, मऊ ब्रशने त्याचा चुरा झटकतो, आणि कार्ड पुन्हा बसवतो. हा उपाय गावठी दिसला तरी निरर्थक नाही, मात्र खोडरबर मऊ असावा; शाईचा खरबरीत रबर किंवा पॉलिश पेपर वापरला तर मळाबरोबर मुलामाही जातो.

यानंतरचा प्रांत विजेचा, आणि या तपासात सर्वांत अधिक रेंगाळावे असे स्थळ हेच. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट पुरवतो. त्याहून अधिक लागणारी वीज एसएमपीएसमधून येणाऱ्या निराळ्या जोडण्यांतून यावी लागते: ६ पिनांची जोडणी ७५ वॅट आणि ८ पिनांची १५० वॅट, असा त्यांचा हिशेब ठरलेला आहे. कार्डावर दोन जोडण्यांची जागा असून एकच भरली असेल, तर कित्येक कार्डे काम करण्यास साफ नकार देतात, आणि काही पडद्यावर तशी सूचनाही लिहितात. प्रोसेसरला वीज पुरवणारी ८ पिनांची वायरही दिसायला तशीच असते, पण तिची विभागणी ४ अधिक ४ अशी असते व कार्डाच्या वायरीची ६ अधिक २ अशी. त्यांतील धन आणि ऋण वायरींची मांडणी परस्परविरुद्ध असल्याने एकीच्या जागी दुसरी बळाने कोंबणे हे अत्यंत घातक होय. सुट्या वायरींच्या एसएमपीएसबाबत तर याहून मोठा धोका आहे: एका एसएमपीएसची वायर दुसऱ्याला बसली म्हणून ती त्याची झाली असे होत नाही, कारण एसएमपीएसकडील टोकाची मांडणी सर्व उत्पादकांची एकसारखी नाही, आणि या अदलाबदलीत संपूर्ण यंत्र जळू शकते.

एसएमपीएसची ताकद किती, हे त्याच्या खोक्यावरील ठळक आकड्यावरून ठरवू नये. कॅबिनेटबरोबर स्वस्तात आलेल्या एसएमपीएसवर ‘४५०’ असे मोठ्या टायपात छापलेले असते. परंतु त्याच्या बाजूवरील बारीक अक्षरांच्या तक्त्यात १२ व्होल्टांचा रकाना शोधावा, कारण ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर हे दोघेही मुख्यतः त्याच रकान्यावर जगतात. तेथे १८ अँपिअर लिहिले असतील तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट, एवढीच त्या बाजूची खरी मिळकत. त्यातून १७० वॅटचे कार्ड, शंभराच्या आसपास वॅट घेणारा प्रोसेसर आणि इतर किरकोळ खर्च भागवणे शक्य नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. अशा यंत्राचे लक्षण असे की, ते सुरू होते, विंडोज उघडते, इंटरनेट चालते, आणि खेळ सुरू करून काही क्षण होतात न होतात तोच सर्व एकदम विझते किंवा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. विंडोजच्या नोंदवहीत अशा वेळी ‘कर्नेल-पॉवर ४१’ ही नोंद सापडते. पण तिचा अर्थ यंत्र रीतसर बंद न होता थांबले एवढाच असून, ते का थांबले याचा तीत काहीच खुलासा नसतो.

मराठी घरांतील संगणकांच्या बाबतीत आणखी एका साक्षीदाराचा जबाब घ्यावा लागतो, तो म्हणजे टेबलाखाली ठेवलेला यूपीएस. घरगुती वापरात नेहमी दिसणाऱ्या ६०० व्हीए क्षमतेच्या यूपीएसची खरी ताकद बहुधा ३६० वॅट असते, आणि त्यावर संगणकासोबत मॉनिटर, राउटर, कधी स्पीकरही लावलेले असतात. जुन्या यंत्राला ते पुरत होते. नवे कार्ड भरात आले की यूपीएस कर्कश पिपाणी वाजवू लागतो आणि सर्व भार टाकून देतो, आणि मालक मात्र कार्ड परत करायला निघतो. तपासापुरता संगणकाचा प्लग थेट भिंतीत लावून पाहिला तर हा संशय तेथेच फिटतो. त्याच वेळी भिंतीतील खोबणीचे अर्थिंग खरोखर अस्तित्वात आहे काय, हेही वायरमनकडून पाहून घ्यावे. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर त्यास नवे कार्ड जबाबदार नसून त्या घराच्या वायरिंगचा तो दोष असतो.

आरटीएक्स ४०९० सारख्या थोर कार्डांसाठी १६ पिनांची एक नवी लहान जोडणी निघाली असून तीतून ६०० वॅटपर्यंत वीज जाऊ शकते. २०२२ च्या अखेरीस ती वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या, आणि जोडणी पुरती आत न गेलेली असणे हे त्याचे एक प्रमुख कारण असल्याचे निदान झाले. पुढे तिची सुधारलेली आवृत्ती आली, जीत जोडणी अर्धवट असल्यास कार्डाने वीज मागूच नये अशी तजवीज केलेली आहे. असे कार्ड ज्याच्याकडे असेल त्याने ती जोडणी शेवटपर्यंत दाबावी, फट दिसत नाही ना ते प्रकाशात पाहावे, आणि जोडणीच्या अगदी तोंडाशी वायर वाकवू नये.

वीज पुरेशी असूनही पडदा काळाच असेल, तर मदरबोर्ड स्वतः काय सांगतो ते ऐकावे. पुष्कळ मदरबोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट या नावांचे चार बारीक दिवे असतात. यंत्र सुरू होताना ते क्रमाने लागून विझतात, आणि ज्या पायरीवर गाडी अडली तेथला दिवा तेवत राहतो. ‘व्हीजीए’चा दिवा राहिला तर संशय कार्डाकडे किंवा त्याच्या स्लॉटकडे जातो, ‘डीरॅम’चा राहिला तर कार्ड बसवताना धक्का लागून रॅमची पट्टी सैल झाली असण्याचा संभव आहे. दिवे नसलेल्या यंत्रांत लहानसा स्पीकर असेल तर तो शिट्ट्या वाजवतो. अवॉर्ड बायोसच्या जुन्या संकेतात एक दीर्घ आणि दोन ऱ्हस्व शिट्ट्या म्हणजे चित्राच्या कार्डाची तक्रार, परंतु हे संकेत प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असल्याने मदरबोर्डाची पुस्तिका पाहूनच त्यांचा अर्थ लावावा.

बायोसचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. यंत्र सुरू करण्याच्या जुन्या आणि नव्या अशा दोन पद्धती आहेत. नव्या पद्धतीला यूईएफआय म्हणतात, आणि जुन्या पद्धतीला सांभाळून घेणारी जी सवलत बायोसमध्ये असते तिला सीएसएम. सुमारे २०१२ पूर्वीच्या कित्येक कार्डांना नवी पद्धत ठाऊकच नाही, म्हणून सीएसएम बंद असलेल्या यंत्रात ती मुकी राहतात. उलट अगदी नवे कार्ड फार जुन्या मदरबोर्डात बसवले तर बायोसची सुधारित आवृत्ती घातल्याशिवाय ते ओळखले जात नाही, असेही घडते. अशा वेळी नवे कार्ड काढून जुने कार्ड किंवा अंगभूत ग्राफिक्स यांच्या आधारे बायोसमध्ये जावे व योग्य ती दुरुस्ती करावी. आणि मागे कोणी काय बदलून ठेवले आहे याचा थांगच लागत नसेल तर मदरबोर्डावरील रुपयाएवढी गोल बॅटरी काही मिनिटे काढून पुन्हा लावावी, म्हणजे बायोसचे सर्व हुकूम रद्द होऊन ते मूळ स्थितीत येते.

चित्र आले, पण ते बोजड, मोठमोठ्या अक्षरांचे आणि अडखळत सरकणारे असेल, तर मामला यंत्राच्या हद्दीतून निघून सॉफ्टवेअरच्या हद्दीत गेला असे समजावे. विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे दिसत असेल तर ड्रायव्हर अजून रुजू झालेला नाही. इंटरनेट जोडलेले असल्यास विंडोज पुष्कळदा आपण होऊन ड्रायव्हर उतरवून घेते, आणि तो बसत असताना पडदा काही सेकंद काळा होणे हे नियमाला धरूनच असते. त्या क्षणी घाबरून बटण दाबणारा माणूस अर्धवट बसलेल्या ड्रायव्हरचे नवे संकट ओढवून घेतो. पूर्वी एएमडीचे कार्ड होते आणि आता एनव्हिडियाचे आले, असा पालट झाला असेल तर जुन्या ड्रायव्हरचे अवशेष नव्याच्या वाटेत येतात. अशा वेळी विंडोज सेफ मोडमध्ये उघडून डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या मोफत साधनाने जुने सर्व पुसून काढावे आणि नंतर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून आपल्या कार्डाचा ड्रायव्हर आणून बसवावा. कार्डाच्या नावापुढे पिवळा त्रिकोण व ‘कोड ४३’ दिसला, तर कार्डाने आपल्यात दोष असल्याचे कळवल्यामुळे विंडोजने त्याला थांबवले आहे एवढाच त्याचा अर्थ; दोष ड्रायव्हरचा आहे की कार्डाचा, हे स्वच्छ ड्रायव्हर बसवून पाहिल्यावरच कळते.

आता उरतात ती चालत्या कार्डाची दुखणी, आणि त्यांत खऱ्या दुखण्यांपेक्षा भासमान अधिक. पंखे फिरत नाहीत म्हणून घाबरणाऱ्यांनी हे जाणावे की, आजची पुष्कळ कार्डे ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याखेरीज पंखे सुरूच करीत नाहीत. तपमान ८० च्या घरात गेले की कार्ड आपली गती किंचित उतरवते, हाही त्याचा अंगभूत बंदोबस्तच आहे. मात्र थोड्याच वेळात ते तेथे पोहोचत असेल तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही असे खुशाल समजावे, आणि बाजूचा पत्रा उघडा ठेवून फरक पडतो का ते पाहावे. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर घेऊनही चित्र पूर्वीइतकेच अडखळते अशी तक्रार असेल, तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये विंडोजने ६० हर्ट्‌झच ठेवलेले सापडण्याचा संभव मोठा. आणि फोर-के मॉनिटर ३० हर्ट्‌झच्या वर जात नसेल तर केबल किंवा खोबण एचडीएमआय १.४ च्या काळातील असावी. पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा येतो, तेव्हा विंडोजची एक जुनी रीत त्यामागे असते: विस्टापासून असा नियम आहे की कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिले नाही तर त्याचा ड्रायव्हर बंद करून नव्याने सुरू करावा. हे एखाद्या वेळी झाले तर दुर्लक्ष करावे, वारंवार होत असेल तर ड्रायव्हर, वीज आणि तपमान या क्रमाने शोध घ्यावा.

एक लक्षण मात्र हलके घेऊ नये. पडद्यावर रंगीत चौकटी, आडव्यातिडव्या रेषा किंवा ठिपक्यांची नक्षी दिसू लागली, तर ती केव्हा दिसते ते नीट पाहावे. विंडोज सुरू होण्यापूर्वीच, बायोसच्या साध्या पडद्यावरही ती असेल आणि केबल व मॉनिटर बदलूनही जात नसेल, तर तेथे ड्रायव्हरचा संबंधच येत नाही, म्हणून दोष कार्डाच्या स्मृतीत किंवा तिच्या जोडकामात असण्याची शक्यता फार मोठी. केवळ जड खेळातच ती उमटत असेल तर तपमान, ड्रायव्हर, किंवा कोणी कार्डाची गती हट्टाने वाढवून ठेवली आहे काय, हे आधी पाहावे.

वापरलेली कार्डे घेणाऱ्यांना येथे निराळा इशारा दिला पाहिजे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली कार्यपद्धती बदलली, आणि त्याच्या खाणकामात, म्हणजे ते चलन कमावण्याच्या आकडेमोडीत, अहोरात्र राबणारी असंख्य कार्डे निकामी ठरून जगभरच्या जुन्या बाजारात उतरली. राबलेले कार्ड वाईटच असते असे नाही, परंतु त्याचे पंखे झिजलेले, उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकलेली आणि क्वचित त्याचे बायोस बदललेले असू शकते. त्याहून हीन प्रकार म्हणजे जुन्या, दुबळ्या चिपवर जीटीएक्स १०५० टीआय यासारखे नवे नाव चढवून विकलेली बनावट कार्डे. त्यांवर उत्पादकाचा खरा ड्रायव्हर बसता बसत नाही, आणि जीपीयू-झेड हे मोफत साधन त्यांच्या पोटातील खरी चिप ओळखून तसे स्पष्ट दाखवते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, किंवा अन्य कोठेही असे कार्ड घेताना ते दुकानातच चालवून दाखवण्याचा आग्रह धरण्यात संकोच मानू नये.

या सर्व तपासाला एकच शिस्त लागते: एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदलल्यावर काय झाले ते लिहून ठेवावे. केबल, स्लॉट, ड्रायव्हर आणि बायोस ही चारही एकदम बदलून यंत्र सुरू झाले, तर आनंद होतो, पण कारण कळत नाही, आणि कारण न कळलेला दोष पुन्हा येतो तेव्हा सर्व काम पहिल्यापासून करावे लागते. या क्रमाने जाऊनही चित्र आले नाही, तर दोन उलट परीक्षा घ्याव्यात: नवे कार्ड पुरेशा एसएमपीएसच्या दुसऱ्या संगणकात बसवावे, आणि दुसरे, निश्चितपणे चालणारे कार्ड आपल्या संगणकात. नवे कार्ड तेथेही मुके राहिले आणि दुसरे कार्ड येथे बोलले, तरच नव्या कार्डावर दोष सिद्ध झाला असे म्हणता येईल.

तसे झाल्यास खोके, पावती आणि कार्डावरील क्रमांकाची चिठ्ठी शाबूत ठेवून वॉरंटीचा हक्क मागावा. ती चिठ्ठी खरवडलेली किंवा पंख्यांचे सील फोडलेले असेल तर तो हक्क नाकारला जाण्याची भीती असते, म्हणून दोष सिद्ध होण्यापूर्वी कार्ड खोलण्याचा मोह टाळावा. आणि तक्रार लिहिताना ‘कार्ड चालत नाही’ एवढ्या मोघम वाक्यावर थांबू नये. कोणत्या मदरबोर्डावर, किती क्षमतेच्या एसएमपीएसवर, कोणत्या जोडण्या लावून आणि कोणत्या दुसऱ्या संगणकात कार्ड पाहिले, कोणता दिवा तेवत राहिला, हे चार ओळींत मांडावे. दुकानदार ज्या शंका काढून गिऱ्हाइकाला घरी परत पाठवतो त्या सर्वांची उत्तरे त्या चार ओळींत आधीच आलेली असतात, आणि कार्ड बदलून मिळण्याला मग फारशी हरकत उरत नाही.